अंगाच्या मापाची सायकल

आठवीच्या वर्गावर विज्ञानाचा तास चालू होता. फळ्यावर उर्दूत 'दबाव' हा शब्द लिहायला आम्ही हात उचलला आणि 'दाल' काढता काढता खडू निसटून खाली पडला. मुले हसली. आम्हीही हसलो. वाकून खडू उचलला, पुन्हा लिहू लागलो आणि पुन्हा तो निसटला. या वेळी मुले हसली नाहीत. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, तिने खडू उचलून आमच्या हातात दिला आणि हळूच विचारले, "सर, तबियत ठीक नाही का?"

तबियत ठीक होती. फक्त उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सकाळपासून आमचे नव्हते. आदल्या दिवशी रविवार होता आणि नव्या सायकलीवरून आम्ही नव्वद किलोमीटर हिंडून आलो होतो.

हे 'आम्ही' वाचून बरोबर आणखी कुणी होते असे वाचकांनी समजू नये. होतो एकटेच. घरात आणि शाळेत 'हम' म्हणायची सवय. ती मराठी लिहितानाही सुटत नाही. गोंदियातल्या एका उर्दू शाळेत आम्ही विज्ञान आणि गणित शिकवतो. बी.एड. झाल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली, मग कायम झालो. पस्तिशी उलटली. पोट सुटू लागले. मोहल्ल्यातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायलासुद्धा मोटारसायकलला किक मारणाऱ्यांपैकी आम्ही एक होतो.

सायकल आमच्या आयुष्यात परत आली ती २०२० साली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मुलांना मोबाइलवरून शिकवा असा आदेश आला, पण आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी असा मोबाइलच नव्हता. काही मुले शहर सोडून आजोळी गेली होती, कुणी गोरेगावच्या बाजूला, कुणी आमगावच्या. आम्ही गणिताचे सराव कागद हाताने लिहून त्यांच्या झेरॉक्स काढल्या. पण त्या पोहोचवायच्या कशा? पगार उशिरा होत होता, पेट्रोल महागले होते. ओसरीवर अब्बांची काळी ॲटलास उभी होती. चाकांत हवा भरली, चेनला तेल घातले आणि निघालो.

त्याच सुमारास ॲटलास कंपनीच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबल्याची बातमी आली. तारीख होती ३ जून २०२०, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिवस. अब्बांनी पेपर मुडपून ठेवला आणि म्हणाले, "कारखाना बंद पडला, गाडी चालू आहे." एवढेच.

त्या पावसाळ्यात आम्हाला आमचा जिल्हा पहिल्यांदा दिसला. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला तेव्हा आम्ही लहान होतो. 'तलावांचा जिल्हा', 'धानाचे कोठार' हे शब्द आम्ही निबंधात लिहिले होते, पाहिले नव्हते. मोटारसायकलवरून तलाव दिसतो आणि मागे पडतो. सायकलवरून तो बराच वेळ सोबत चालतो. रोवणी करणाऱ्या बाया पाठ सरळ करून विचारीत, "कोन्या गावचे, भाऊ?" बांध्यांतल्या पाण्यात आभाळ उतरलेले असे. एकदा दूरवर सारसाची जोडी चरताना दिसली आणि आम्ही पाऊण तास कागदांची पिशवी खांद्याला लावून तिथेच उभे राहिलो. दिवसाला तीस, कधी चाळीस किलोमीटर होऊ लागले. शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी रविवारची चटक सुटली नाही.

चटक लागली की माणूस माहिती काढू लागतो. लांबच्या सायकलिंगची एक वेगळीच दुनिया असते हे तेव्हा कळले. 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार असतो. ती शर्यत नसते. ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर पुरे करायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस तास. नंबर लागत नाही, बक्षीस नसते. या प्रकाराची पंढरी म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ती १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि आता चार वर्षांतून एकदा होते. १२०० किलोमीटर, कमाल ९० तास. आमच्या शेजारच्या नागपुरातही ब्रेव्हे होतात. त्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पुरी केली: पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. त्याच वर्षी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पुरी केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्याच महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघात ती पार केली होती. आणि याच्याही फार आधी, १९२३ साली, मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सायकलवर जगाला फेरी मारायला निघाले आणि १९२८ साली परतले. त्यांच्याकडे ना गिअर होते ना डांबरी रस्ते.

एवढे वाचल्यावर कुणालाही वाटते की आपणही काही करावे. आम्हाला वाटले, २०० किलोमीटर. आणि वाटले, त्यासाठी 'खरी' सायकल हवी. खरी म्हणजे कोणती? पातळ चाकांची, खाली वळलेल्या हँडलची, बोटाने उचलता येईल अशी. नागपूरच्या एका ओळखीच्या मुलाकडे जुनी रेसिंग सायकल विकायला होती. निळा रंग, रस्त्यावर धावताना चाकांचा सुंई आवाज. बावीस हजारांत सौदा झाला. बसून बघितली, पाय पायडलला पुरत होते. आणखी काय बघायचे असते? लग्नाचा कोट घेताना आम्ही चार दुकाने पालथी घातली होती. सायकल मात्र रंग बघून घेतली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांची कहाणी म्हणजे अंगाच्या एकेका अवयवाची तक्रार. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मग बसायची जागा. आम्ही समजलो, सवय नाही, होईल. रेसिंगवाले असेच बसतात ना वाकून! त्रास म्हणजेच मेहनत, आणि मेहनत म्हणजेच फळ, हे शाळेत आम्हीच शिकवतो. जुम्म्याच्या नमाजला रुकूत गेलो की कंबर ठणके, शेजारचे काका विचारीत, "काय मास्तर, आत्तापासूनच?" घरात बेगम म्हणे, "इतके पैसे देऊन दुखणे विकत आणणारे तुम्ही पहिलेच." आणि मग तो खडू पडला.

खडू ही मास्तरची रोजीरोटी. उर्दू लिहिताना हाताची करंगळीकडची कड फळ्याला टेकवून, तिच्या आधाराने ओळ पुढे न्यावी लागते. ती कडच बधिर झाली तर ओळ डोंगर चढते नाहीतर दरीत उतरते. तीन दिवस झाले तरी मुंग्या जाईनात, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तळहात दाबून पाहिला आणि विचारले, "सायकल चालवता का?" तळहाताच्या कडेने मनगटापाशी अल्नर नावाची नस जाते. तासन् तास अंगाचा भार तळहातावर टाकला की ती दाबली जाते. करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर होते, आणि दुर्लक्ष केले तर चिमटीतला जोरही कमी होतो. "महिनाभर सायकल बंद," डॉक्टर म्हणाले, "आणि नंतर एकतर सायकल बदला, नाहीतर छंद."

घरी येऊन आम्ही हे ओसरीवर अब्बांना सांगितले. अब्बा आता सत्तरीच्या पुढे आहेत. तरुणपणी ते कपड्याची फेरी करीत. गोंदियाहून चादरी, टॉवेल, लुंग्या, लुगडी यांचा गठ्ठा ॲटलासच्या कॅरिअरवर बांधायचा आणि आठवडी बाजार गाठायचे. आज गोरेगाव, उद्या सडक अर्जुनी, परवा आणखी कुठे. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडची जत्रा. तिथे महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गा एकाच गडाच्या परिसरात आहेत. अब्बा म्हणत, "मंदिरातून उतरणारा आणि दर्ग्यातून उतरणारा, थंडी दोघांना सारखीच वाजते." चादरी हातोहात जात.

अब्बा उठले, निळ्या सायकलीभोवती एक फेरी मारली, हँडलला हात लावला, सीटला लावला आणि म्हणाले, "बेटा, ही सायकल चांगली आहे. पण दुसऱ्या कुणाच्या अंगाची आहे."

आम्हाला हसू आले. सायकल काय शेरवानी आहे?

"हसू नकोस. मी तीस वर्षे कापड विकले. गिऱ्हाईक आले की मी आधी माणूस बघत असे, मग कापड. तू कापड बघून घेतलेस." मग त्यांनी अम्मीच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप आणायला सांगितला.

टेप धरताना त्यांच्या हाताकडे आमचे लक्ष गेले. टेपचे टोक चिमटीत पकडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या, अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग बसलेला. हे हात आम्ही रोज पाहत होतो. कुर्त्याची वरची गुंडी अम्मी लावून देते, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात, हेही पाहत होतो. वय झाले, असे आम्ही समजत आलो. तासाभरापूर्वी डॉक्टरांनी जे सांगितले होते ते आता आमच्यासमोर टेप धरून उभे होते.

"अब्बा, तुमच्या बोटांना मुंग्या कधीपासून येतात?"

"तू सातवी-आठवीत असशील."

"सांगितले नाही कधी?"

"सांगून काय झाले असते? बाजार चुकला असता."

यावर आम्ही काही बोलू शकलो नाही. आमचे बी.एड. त्या बाजारांतून झाले होते. आमच्या घरात 'आराम' हा शब्द आळसाचा सख्खा भाऊ समजला जाई; आजारी माणसाने करायची ती गोष्ट. एका माणसाने पोटासाठी हात घालवले आणि त्याचा मुलगा छंदासाठी पन्नास हजारांची 'आरामदायी' सायकल घ्यायला निघाला. ही लाज आमच्या मनात बरेच दिवस राहिली. सायकलचे नाव काढणेच आम्ही बंद केले. निळी सायकल विकून टाकली. एका रात्री अब्बांनीच विचारले, "माप घेऊन ठेवलेय, कपडा कधी घ्यायचा?" आम्ही मनातले बोललो. ते म्हणाले, "मला कुणी सांगणारे नव्हते. तुला सांगितलेय. ऐकले नाहीस तर माझेही हात फुकट गेले."

मग आम्ही मास्तरकीच्या पद्धतीने, वही घेऊन बसलो. त्या वहीतले काही इथे देतो. कुणाच्या उपयोगी पडले तर आनंदच आहे.

पहिली गोष्ट माप. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे राहून, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर सरकवायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. आमचे माप ७९ सेंटिमीटर आले. याला ०.६६ ने गुणले की फ्रेमचा अंदाज मिळतो: ५२. निळी सायकल ५६ ची होती! याच मापाला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची निघते. आमची जवळपास ७० सेंटिमीटर. ही सूत्रे म्हणजे अंदाज. शेवटचा निकाल गुडघे देतात. सीट खाली असली की गुडघ्याचा पुढचा भाग दुखतो, फार वर असली की मागची शीर ओढली जाते आणि कंबर डावी-उजवीकडे डोलते.

दुसरी गोष्ट बैठक. फ्रेमचे नुसते आकडे सारखे असून भागत नाही. पायडलच्या आसापासून हँडलच्या बुडाची उंची किती आणि तिथपर्यंत पुढचे अंतर किती, हे दोन आकडे खरे बोलतात. पहिल्याला 'स्टॅक' आणि दुसऱ्याला 'रीच' म्हणतात. रेसिंग सायकलमध्ये स्टॅक कमी आणि रीच जास्त, म्हणून माणूस ओणवा होतो आणि भार तळहातांवर येतो. लांब पल्ल्याच्या सायकलीला 'एन्ड्युरन्स' म्हणतात. तिच्यात हँडल थोडे वर आणि जवळ असते, दोन चाकांमधले अंतर किंचित जास्त असते, त्यामुळे गाडी खड्ड्यात बिचकत नाही. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय, स्पेशलाइज्डची रूबे ही या जातीची प्रसिद्ध नावे. रूबे हे नाव दगडी रस्त्यांवरून जाणाऱ्या पॅरिस-रूबे या जुन्या शर्यतीवरून आलेले. त्यांच्या किमती आमच्यासारख्यांनी बघून परत ठेवायच्या. पण त्याच घडणीच्या साध्या ॲल्युमिनियमच्या सायकली स्वस्तात मिळतात. स्टॅकमध्ये दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. चाळिसाव्या किलोमीटरला मान त्याचा हिशेब मागते.

तिसरी गोष्ट टायर, आणि हा तर आमच्याच धड्याचा विषय. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. निळ्या सायकलीचे टायर २३ मिलिमीटरचे, त्यात शंभराच्या वर पौंड हवा. रस्त्यावरची खडी थेट मणक्यात यायची. टायर ३२ चा घेतला तर आमच्या वजनाला साठच्या आसपास पौंड हवा पुरते आणि तो खडबडीत रस्ता स्वतःत जिरवतो. कडक टायर वेगवान असतो ही समजूतही अर्धीच खरी. खराब रस्त्यावर तो उसळ्या खाण्यातच ताकद घालवतो. फ्रेम कार्बनची की लोखंडाची यावर लोक वाद घालतात, पण आरामाचा मोठा वाटा टायरमधल्या हवेचा असतो. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ च्या सुमारास हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते आधी स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीवर प्रयोग करून. मुलाला हादरे बसू नयेत एवढाच मूळ हेतू. हे वाचले तेव्हा आम्ही वही मिटून थोडा वेळ ओसरीकडे पाहत बसलो.

चौथी गोष्ट सीट. दुकानात बोटाने दाबून मऊ सीट निवडू नये. फार मऊ सीटमध्ये हाडे रुततात आणि भार नाजूक जागी येतो. बसण्याच्या दोन हाडांमधली रुंदी ज्याची त्याची वेगळी. सीट तेवढी रुंद हवी, त्याहून फार नको, नाहीतर मांड्या घासतात. 'रगड' हा पुढचाच धडा! अब्बांच्या ॲटलासची चामडी सीट दिसायला लाकडासारखी, पण वर्षानुवर्षे तेल लावून त्यांच्याच अंगाचा साचा झालेली. आम्ही तिच्यावर बसून पाहिले. आम्हाला टोचली.

पाचवी गोष्ट गिअर. आपला भाग सपाट आहे असे म्हणतात, पण दरेकसाच्या बाजूला किंवा मुरदोलीच्या जंगलात चढ लागला, त्यात उन्हाळा, की सपाटपणा कळतो. पुढे ३४ दातांचे लहान चाक आणि मागे ३४ दातांचे मोठे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा. चढावर गुडघे वाचतात. तरुण पोरे अशा गिअरला हसतात. हसोत.

ही वही घेऊन आम्ही नागपूरला दोन रविवार घातले. पहिल्या दुकानात विक्रेत्याने विचारले, "बजेट किती?" दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या दुकानात एका पोराने विचारले, "सर, एका दिवसात किती किलोमीटर चालवणार?" तिथेच आम्ही थांबलो. त्याने अर्धा तास स्टँडवर बसवून सीट वर-खाली केली आणि हँडल एक बोट वर घेतले. "कोपर ताठ नको, सर. हात हँडलवर ठेवायचा असतो, टेकायचा नसतो." हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले. राखाडी रंगाची, साधी, ३२ चे टायर असलेली ५२ ची सायकल आम्ही घेतली. निळ्या सायकलीचे आलेले पैसे, बेगमच्या भिशीचे पैसे आणि पगारातून चार हप्ते. भिशीचे पैसे देताना ती म्हणाली, "दुखणे नको म्हणून देतेय, सायकलसाठी नाही." अब्बांनी खिशातून पाचशेची नोट काढून दिली. ती आम्ही खर्च केली नाही.

पेहरावाचा प्रश्न राहिला होता. लांब पल्ल्याला गादीची घट्ट चड्डी लागते, आणि ती घालून सकाळी सकाळी मशिदीसमोरून जायचे म्हणजे मास्तरकी सोडल्यासारखेच. त्यावर सैल ट्रॅकपँट चढवून आम्ही मार्ग काढला. उजव्या घोट्याला रबर बँड, चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून. मोहल्ल्याची मुले हेल्मेट बघून आता सलाम करतात.

रमजान गेला, ईद झाली, पावसाळाही सरला. तीस, पन्नास, ऐंशी असे वाढवत नेले. दर पंधरा-वीस मिनिटांनी हँडलवरची हातांची जागा बदलायची, कोपर सैल ठेवायचे, तासाभराने उतरून मनगटे फिरवायची. करंगळी गप्प राहिली. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी फजरची नमाज पढून आम्ही निघालो. कुठे, ते घरात कुणाला सांगितले नव्हते.

गोरेगावपर्यंत धुके होते. धान कापणीला आलेले, काही बांध्यांत कडपा पसरलेल्या, वासाने भूक लागत होती. मुरदोलीच्या जंगलात रस्त्याकडेला वन्यप्राण्यांच्या सूचना. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांना जोडणारा हा पट्टा. २०१३ साली ती दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. कोहमाऱ्याला महामार्गावर चहा घेतला. मालट्रकवाल्यांनी सायकल हाताने उचलून वजन पाहिले. नवेगाव बांधचा तलाव, मग अर्जुनी मोरगाव, मग गोठणगावच्या बाजूने वळण. तिथली तिबेटी लोकांची वसाहत मागे पडली आणि प्रतापगड दिसला. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर होणार होते. अब्बा हा रस्ता मागे गठ्ठा बांधून, गिअर नसलेल्या गाडीवर काटत. ते एका दिवसात परत येत नसत. कुठल्या तरी ओसरीवर झोपत.

जत्रेचे दिवस नव्हते. पायथ्याशी मोजकीच दुकाने उघडी होती. एका दुकानाच्या पायरीवर म्हातारी आजी बसली होती. पाणी मागितले. कुठून आलात, म्हणाली. गोंदिया सांगितल्यावर म्हणाली, "तिथून एक भाई येत होते सायकलीनं. चादरीवाले. पैसे नसले तं म्हणत, पुढच्या जत्रेत दे, आजी. मी तवा आजीबी नव्हते!" आणि बोळक्या तोंडाने हसली. ते आमचे अब्बाच होते असे आम्ही कसे म्हणणार? फेरीवाले कितीतरी असतील. पण 'पुढच्या जत्रेत दे' हे वाक्य आम्ही ओसरीवर बसून शंभरदा ऐकले आहे. आम्ही आजीला काही सांगितले नाही. अब्बांची पाचशेची नोट खिशात होती. तिच्या दुकानातून चिवडा आणि लहानसा टॉवेल घेतला आणि तिथेच ती मोडली.

मग वर दर्ग्यात जाऊन फातिहा पढलो, खाली आलो आणि घरी फोन लावला. अब्बांनी उचलला.

"कुठे आहेस?"

"प्रतापगडला."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. आम्हाला वाटले रेंज गेली. मग त्यांनी विचारले, "हात कसे आहेत?"

आम्ही करंगळी वाकवून पाहिली, सरळ करून पाहिली. "ठीक आहेत, अब्बा."

"मग निघ. ऊन चढेल."

परतीच्या वाटेवर हे वाटत राहिले की आयुष्यभर हा प्रश्न आम्ही त्यांना विचारायला हवा होता, आणि तो त्यांनी आम्हाला विचारला. रात्री इशाच्या सुमारास घरी पोहोचलो. त्या आठवड्यात अब्बांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. इतक्या वर्षांनी फार फरक पडणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. बोटांचे व्यायाम दिले, झोपताना बांधायची पट्टी दिली. व्यायाम ते कुरकुरत करतात. गुंडी अजून अम्मीच लावते, पण चहाचा कप कधीकधी एका हाताने उचलला जातो, आणि तसे झाले की ते आमच्याकडे बघतात.

दोनशेची ब्रेव्हे अजून झालेली नाही. इन्शाअल्ला होईल. न झाली तरी हरकत नाही. सोमवारी आम्ही आठवीच्या वर्गावर गेलो, खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत एक ओळ लिहिली. ओळ सरळ आली. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली.